भिंतीत उगवलेल्या रोपापासून बोन्साय: वड, पिंपळ, उंबर आणि इतर देशी झाडांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस झाला की गच्चीच्या कठड्यावर, पन्हळीत, जुन्या वाड्यांच्या भिंतींत हिरवे कोंब दिसू लागतात आणि मला फोन सुरू होतात. गेली बरीच वर्षं मी अशीच रोपं वाढवतोय. नर्सरीतून विकत आणलेलं झाड माझ्याकडे जवळजवळ नाही. लोक नेहमी जे विचारतात ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवलं आहे.

नेमकी कुठली रोपं उचलावीत?

जी तशीही जगणार नाहीत ती. बुलबुल, मैना, कोकीळ, तांबट, वटवाघळं वडा-पिंपळाची फळं खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी कुठेही पडतं: पत्र्याच्या सांध्यात, ड्रेनेजच्या पाइपाला चिकटून, पाण्याच्या टाकीखाली, पुलाच्या कठड्यात. त्या रोपांचं भविष्य ठरलेलं असतं. कधीतरी रंगकाम निघतं, गवंडी येतो आणि ती उपटून फेकली जातात, किंवा बुंध्यात ॲसिड ओततात. अशी रोपं हक्काने आणा. रस्ता रुंद होणार असेल, प्लॉटवर बांधकाम सुरू होणार असेल, शेताचा बांध फोडणार असतील, तर तिथली रोपंही मालकाला विचारून आणा. मालक बहुतेक वेळा खुशीने देतो, वर चहाही पाजतो.

टेकडीवरून किंवा जंगलातून आणली तर चालतील ना? एकदोन रोपांनी काय होतंय?

नाही चालणार, आणि या बाबतीत मी जरा कडक आहे. भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे राखीव वनातून परवानगीशिवाय वनोपज नेणं गुन्हा आहे, आणि वनोपजात रोपंही येतात. अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांना तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू होतो. खाडीकाठच्या कांदळवनाला हात लावायचा विचारही नको.

पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. कातळावर, वाऱ्यात, बकऱ्यांनी खाऊन खाऊन गुडघ्याएवढं राहिलेलं आणि बुंधा मात्र मनगटाएवढा झालेलं एखादं अंजनीचं झुडूप दिसलं की बोन्साय करणाऱ्याचा जीव तुटतो, हे मला माहीत आहे. माझाही तुटतो. ते झाड तिथे तीस-चाळीस वर्षं तगलेलं असतं आणि उपटल्यावर कुंडीत जगेल याची काही खात्री नसते. जपानीत रानातून आणलेल्या अशा झाडांना ‘यामादोरी’ म्हणतात. आपण आपली यामादोरी गटारातून आणि गच्चीवरून करावी.

देवराईतून पानही उचलू नका. गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला नियम आपल्या छंदासाठी मोडायचा नाही. गडकिल्ल्यांच्या तटबंदीतली रोपंही आपण होऊन ओढू नका. मुळांसोबत दगड निखळतो आणि बरेच किल्ले संरक्षित स्मारकं आहेत. संवर्धनाचं काम करणारी मंडळी रीतसर परवानगीने तटबंदी साफ करतात, त्यांना सांगून ठेवा. मला काही पिंपळ असेच मिळाले आहेत.

लहान रोप वडाचं की पिंपळाचं, कसं ओळखू?

पिंपळ सगळ्यात सोपा: बदामाच्या आकाराचं पान, लांब शेपटी, कोवळी पालवी तांबूस-गुलाबी. वडाचं पान जाड, चिवट, अंडाकृती, टोक बोथट. उंबराचं पान पातळ आणि लांबट. नांद्रुकाचं पान छोटं, गडद, चकचकीत. पायरीचं पान पिंपळासारखंच वाटतं, पण शेपटी आखूड आणि देठ-शिरा लालसर. पान तोडल्यावर पांढरा चीक यायलाच हवा, पण करवंदासारख्या इतर झाडांनाही तो येतो, म्हणून नुसत्या चिकावर जाऊ नका. चीक डोळ्यांना लागू देऊ नका. कपड्यावर पडला तर डाग जात नाही.

वड-पिंपळाशिवाय आणखी काय घेता येईल?

करवंद. माझं अतिशय आवडतं झाड. पान लहान, काटे देखणे, पांढरी सुवासिक फुलं, आणि नशीब असलं तर कुंडीत करवंदंही लागतात. आपटा, बोर, आवळा, बेल, कवठ हेही चांगले. चिंच मूळची आफ्रिकेतली, पण इतक्या जुन्या काळापासून इथे आहे की तिला परकी म्हणायला जीभ वळत नाही. तिची बारीक पानं आणि खडबडीत साल यांमुळे दहा वर्षांचं झाडही म्हातारं दिसतं.

अंजन म्हणताना मात्र सांभाळा. महाबळेश्वर-माथेरानची निळ्या-जांभळ्या फुलांची अंजनी वेगळी आणि खानदेश-विदर्भाकडचा अंजन वृक्ष वेगळा. दुसऱ्याचं सोटमूळ लहानपणीच इतकं खोल जातं की जमिनीतून काढलेलं रोप सहसा मरतं. खैराचंही तसंच. ही दोन झाडं हवी असतील तर बी आणून कुंडीतच रुजवा.

घाणेरी देशी नाही, उलट तिने आपली रानं गिळली आहेत. पण बांधावर तिचे जुने, पिळवटलेले बुंधे मिळतात आणि त्यांचं बोन्साय सुंदर होतं. ती उपटल्याने रानाचं भलंच होतं. फक्त कुंडीतली फळं पिकण्याआधी खुडत जा, नाहीतर पक्षी पुन्हा बी पसरवतील.

भिंतीतलं रोप मुळासकट निघतच नाही. काय करू?

ओढू नका, ही पहिली गोष्ट. ओढलं की साल सुटून हातात येते आणि मूळ आतच राहतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी फटीत दोन-तीन तांबे पाणी सावकाश मुरवा. पावसाची झड लागलेली असेल तर तेही नको. सकाळी जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि रोपाच्या दोन्ही बाजूंचा गिलावा थोडा थोडा खरवडा. जुन्या चुन्याचा गिलावा भाकरीसारखा सुटतो, सिमेंटचा सुटत नाही, तिथे छिन्नी लागते. मूळ कुठल्या दिशेला गेलंय ते बोटाने चाचपडत जा. विटांच्या सांध्यात मूळ चपटं झालेलं असतं, पट्टीसारखं, आणि त्याच्या कडेला केसांसारखी पांढरी तंतुमुळं असतात. खरी किंमत त्या तंतुमुळांची. जाड मूळ आत शिरलंय आणि पुढे जाता येत नाही असं झालं, की धारदार करवतीने तिथेच तिरपं कापा. दोन-चार इंच मूळ आणि मूठभर तंतुमुळं मिळाली तरी वड, नांद्रुक, उंबर जगतात. पिंपळ थोडा नखरे करतो, त्याची तंतुमुळं जास्त जपा.

काढल्याबरोबर मुळं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. दहा मिनिटं उन्हात राहिली तरी ती केसांसारखी मुळं सुकतात. अर्धी पानं देठ ठेवून कापा, उरलेली मोठी पानं आडवी अर्धी करा. मुळं कमी झाली तर पानंही कमी हवीत, नाहीतर रोप तहानेने मरतं.

भिंतीत राहिलेलं मूळ पुन्हा फुटेल. मालकाला तसं सांगा आणि भोक बुजवून घ्यायला लावा, म्हणजे पुढच्या वर्षी तो तुम्हालाच बोलावेल. कठड्याच्या बाहेर वाकून काम करू नका. तिसऱ्या मजल्यावरचा पिंपळ कितीही सुंदर असला तरी तो शिडी आणि दोरी नीट लावणाऱ्या माणसाकडूनच काढून घ्यायचा.

कुठल्या महिन्यात?

जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. हवा दमट, ऊन सौम्य, मुळं झपाट्याने धरतात. आपट्यासारखी पानगळीची झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी पालवी फुटण्याआधीही काढता येतात. एप्रिल-मेमध्ये आणि कडाक्याच्या थंडीत हात लावू नका. उद्याच जेसीबी येणार असेल तर गोष्ट वेगळी.

माती कशी करावी?

काळी माती नको. ओली असताना ती मुळांचा श्वास कोंडते, सुकली की भेगा पडून मुळं तोडते. तुटक्या विटा फोडून घ्या आणि चाळा: गव्हाच्या चाळणीतून खाली पडेल पण पिठाच्या चाळणीवर राहील तेवढा दाणा ठेवा, धूळ फेकून द्या. असा विटांचा चुरा दोन भाग, चाळलेला मुरूम किंवा जाड वाळू एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. कोकणात आणि मुंबईत पाऊस जास्त, तिथे खत अर्ध्यावर आणा आणि चुरा वाढवा. नागपूर-जळगावकडे उन्हाळा जहाल, तिथे मूठभर कोकोपीट घाला. कुंडीच्या भोकांवर प्लॅस्टिकची जाळी बसवा. पाणी ओतल्यावर काही सेकंदांत खालून निघालं पाहिजे. तळं साचत असेल तर माती चुकली आहे.

आणलं की लगेच बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये लावू का?

कृपा करून नको. माझा पहिला उंबर मी असाच घालवला. नाल्याच्या काठावरून आणलेला, बुंधा मनगटाएवढा. त्याच दिवशी मुळं छाटून तो निळ्या ट्रेमध्ये बसवला, कारण मला तो बोन्सायसारखा दिसायला हवा होता. आठवडाभर पानं ताजी होती, त्यामुळे मी निर्धास्त झालो. नंतर ती एकेक करून पिवळी पडली. मी नखाने साल खरवडून पाहिली, तर वर हिरवं आणि बुंध्याशी करडं, मऊ. इतकं जुनं झाड एका दिवसाच्या घाईने गेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिलं वर्ष खोल कुंडीत किंवा तळाला भोकं पाडलेल्या जुन्या घमेल्यात काढा. घमेलं उत्तम: पसरट, मजबूत, स्वस्त. रोप हलणार नाही असं सुतळीने बांधा. पहिले तीन आठवडे सावलीत, मग सकाळच्या उन्हात. पाऊस जोराचा असेल तर वर पत्रा धरा. सहा आठवडे खत नाही. नवी पालवी फुटली म्हणजे मुळं धरली असं लगेच समजू नका. खोडात साठलेल्या अन्नावरही पालवी फुटते. दुसऱ्यांदा जोमाने पालवी आली की मग विश्वास ठेवा.

खोड जाड व्हायला किती वर्षं लागतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं खरं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. लहान ट्रेमध्ये खोड जाड होत नाही. तिथे झाड टिकतं, वाढत नाही. आधी झाडाला मनसोक्त वाढू द्यायचं, मग छोटं करायचं. हा क्रम उलटा केला की दहा वर्षांनीही पेन्सिलीएवढं खोड दिसतं.

पेन्सिलीएवढं रोप घमेल्यात किंवा परसातल्या मातीत लावा. खाली फरशीचा तुकडा ठेवा, म्हणजे मुळं खाली न जाता चहूबाजूंनी पसरतात आणि पुढे बुंध्याशी कोंबडीच्या पंजासारखी पकड दिसते. सोटमूळ लावतानाच कापा. मग दोन-तीन वर्षं त्याला सोडा. फांद्या छाटायचा मोह होईल, छाटू नका. पानं जितकी जास्त, खोड तितकं जाड. जमिनीत लावलेला वड तीन-चार वर्षांत हाताच्या मनगटाएवढा होऊ शकतो, कुंडीत त्याच्या दुप्पट वेळ धरा.

मग एका जूनमध्ये धीर करायचा. पाच-सहा फूट वाढलेलं झाड सहा-आठ इंचांवर तिरपं कापायचं. घरातली माणसं ओरडतात, तुम्हालाही हात थरथरल्यासारखं वाटेल. चीक भळभळा वाहतो. पाण्याचा फवारा मारून तो थांबवा आणि जखमेवर हळद-मेणाचा लेप लावा. तीन-चार आठवड्यांत कापाच्या खाली लालसर डोळे फुगतात. त्यांतला एक डोळा पुढचा शेंडा म्हणून ठेवायचा आणि दोन वर्षं वाढवून तोही कापायचा. दर कापाला खोड वरच्या अंगाला निमुळतं होत जातं. मोठ्या वडाचं जे रूप आपल्या डोळ्यांत असतं, खाली भरदार आणि वर निमुळतं, ते असंच येतं.

तार कधी बांधायची आणि कधी काढायची?

फांदी लवचिक असताना ॲल्युमिनियमची तार बांधा, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची. पावसाळ्यात वड-पिंपळ इतके भराभर भरतात की महिन्या-दीड महिन्यात तार सालीत रुतते. दर रविवारी बघा. तार उलगडू नका, जागोजागी कापून तुकडे काढा. रुतलेल्या तारेचा व्रण वर्षानुवर्षं जात नाही. जिथे सुतळीने ओढून भागतं तिथे मी तार बांधतच नाही.

पिंपळाची पानं मोठीच राहतात. लहान कशी करू?

ऊन भरपूर, खत बेताचं, आणि वर्षातून एकदा, मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, सगळी पानं देठ ठेवून कापणं. नवी पालवी लहान येते. झाड तब्येतीत असेल तरच हे करा, आणि त्याच वर्षी मुळं छाटली असतील तर अजिबात नको. तळहाताएवढं पान दोन-तीन बोटांवर येतं, त्याहून लहान फारसं होत नाही. त्यामुळे पिंपळ दीड-दोन फूट उंचीचाच ठेवावा, त्यातच तो शोभतो. वीतभर झाड हवं असेल तर नांद्रुक घ्या.

फाल्गुनाच्या सुमारास पिंपळ पानं गाळतो. दर वर्षी कोणीतरी ‘मेला’ म्हणून फेकून देतो. थांबा, आठ-पंधरा दिवसांत तांबूस पालवी येते.

कुंडीतल्या वडाला पारंब्या येतात का?

येतात, पण हवा दमट हवी. कोकणात लवकर येतात, सोलापूरला वाट बघावी लागते. फांदीतून पांढरा कोंब डोकावला की शीतपेयाची नळी उभी चिरून त्याच्याभोवती बसवा, आत ओला कोकोपीट भरा आणि खालचं टोक मातीत टेकवा. मूळ मातीला लागलं की नळी काढायची. पुढे तेच जाड होऊन खांब होतो. घरात पहिली पारंबी मातीला टेकते तो दिवस मी डायरीत लिहून ठेवलेला आहे.

पाणी किती? आणि गावाला गेलो तर?

बोट पेराएवढं मातीत घाला. कोरडं लागलं तर भरपूर, खालून निघेपर्यंत. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ लागतं. झाड बाहेरच ठेवा, निदान चार-पाच तास ऊन मिळेल असं. टीव्हीशेजारी ठेवलेला वड हळूहळू मरतो. चार-पाच दिवस जायचं असेल तर परातीत ओली वाळू भरून तीवर कुंडी टेकवा, भोवती ओलं गोणपाट लावा, सावलीत ठेवा. त्याहून जास्त दिवसांसाठी शेजारच्या काकूंनाच गळ घाला. त्यांना पाणी घालण्याआधी बोट घालून बघायला शिकवा, कारण मायेने रोज घातलेलं पाणीही झाड कुजवतं.

कीड?

पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण: स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. खवले कीड: जुन्या टूथब्रशने घासा. नांद्रुकाची पानं पुरीसारखी मिटली आणि उघडल्यावर आत बारीक काळे किडे दिसले तर ते फुलकिडे, ती पानं तोडून नष्ट करा. बाकी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब, संध्याकाळी फवारा. एवढ्यावर माझं भागतं.

वटपौर्णिमेसाठी कुंडीतला वड चालेल का?

चालेल, आणि माझी तर विनंती आहे. वटपौर्णिमेला शहरांच्या बाजारांत वडाच्या फांद्यांचे भारे विकायला येतात आणि संध्याकाळी त्या कचऱ्यात पडतात. आमच्या सोसायटीत आता बायका एका घमेल्यातल्या वडालाच सूत गुंडाळतात. दुसऱ्या दिवशी सूत हलक्या हाताने काढून टाका, नाहीतर तारेसारखं रुतेल.

आणखी एक करा. पूजा झालेल्या फांद्या गोळा करा. ज्येष्ठ पौर्णिमा नेमकी पावसाच्या तोंडावर येते आणि वड फांदीपासून रुजतो. अंगठ्याएवढ्या जाडीची, वीतभर-दीड वीत लांबीची फांदी निवडा. खाली नवा काप घेतल्यावर ताजा चीक आला तर ती जिवंत आहे. पानं काढा, चीक थांबेपर्यंत पाण्यात धरा आणि विटांच्या चुऱ्यात तिसरा हिस्सा पुरा. एका वर्षी मी कचऱ्याच्या डब्याशेजारून अकरा फांद्या उचलल्या, त्यांतल्या सात रुजल्या.

घरात पिंपळ ठेवू नये म्हणतात. उंबर कापला तर दोष लागतो का?

श्रद्धेच्या बाबतीत मी कोणाशी वाद घालत नाही. आमच्या आजीला मी विचारलं होतं. ती म्हणाली, “मोरीच्या भिंतीतून काढून त्याला पाणी घालतोयस ना? मग दत्तगुरू रागावायचे नाहीत.” मला ते पुरलं. घरातल्या कोणाचं मन तयार नसेल तर पिंपळ-उंबर सोडा, करवंद किंवा चिंच करा.

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ नाही का?

चुकीच्या हातात आहे. उपाशी ठेवलेलं, तार रुतलेलं, अंधाऱ्या दिवाणखान्यात पिवळं पडलेलं झाड मी पाहिलं आहे आणि मला ते पाहवत नाही. पण नीट केलेलं बोन्साय उपाशी नसतं. त्याला दर दोन-तीन वर्षांनी ताजी माती मिळते, नवी मुळं फुटतात, नवी पालवी येते. छाटणी आपण द्राक्षालाही करतो आणि डाळिंबालाही. रोप कुठून आणलं आणि रोज त्याच्याकडे बघायला तुम्हाला वेळ आहे का, याचं उत्तर मात्र स्वतःला प्रामाणिकपणे द्या.

मुलगी अमेरिकेत असते, तिला एखादं पाठवता येईल का?

मातीसकट रोप तिथे नेऊ देत नाहीत. मुळं धुतलेल्या रोपालाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि तिथले नियम आड येतात. त्यापेक्षा तिला तिथल्याच नर्सरीतून नांद्रुक घेऊ दे, तो तिथे सर्रास मिळतो. थंडी पडायच्या आत घरात, खिडकीशी ठेवायला सांगा.

आता जमत नाही, घर लहान झालं, वय झालं. झाडाचं काय करू?

कोणी जाणकार घेणारा असेल तर त्याला द्या. नसेल तर जमिनीत लावा. पण वड-पिंपळ इमारतीजवळ, विहिरीच्या कडेला किंवा पाइपलाइनवर नको. मोकळं गायरान, तलावाचा काठ, शाळेचं मोठं मैदान अशी जागा परवानगी घेऊन शोधा. तार सगळी काढा, मुळांचा गोळा बोटांनी मोकळा करा, गुंडाळलेली मुळं सरळ करा किंवा कापा. जूनमध्ये लावा, भोवती बकऱ्यांसाठी काटेरी कुंपण करा आणि दोन उन्हाळे पाण्याची सोय करा. मी असा एक पिंपळ गावच्या तलावाकाठी लावला आहे. पंधरा वर्षं घमेल्यात होता. पहिल्या वर्षी ढिम्म हलला नाही, तिसऱ्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर गेला. त्याचा कुंडीतला वाकडा बुंधा आता अर्धा भरून आला आहे, पण उकिडवं बसून पाहिलं तर पहिल्या कापाची खूण अजून सापडते.